फी तर फारशी नव्हती: मुलांच्या खेळाचा खर्च मोजायचा कसा?

गेल्या मे महिन्यात सातपाटीला मावशीकडे गेले होते. माझी मावसबहीण शाळेत असताना फास्ट बॉल टाकायची. गल्लीतली मुलं तिच्यासमोर बॅट घेऊन उभं राहायला घाबरायची. आठवीत ती पालघरला प्रॅक्टिसला जायला लागली आणि नववीत तिचा खेळ सुटला. "परवडलं नाही" एवढंच तेव्हा घरात बोललं गेलं, आणि मीही तेवढ्यावर समजून घेतलं.

आता माझा पीएचडीचा विषयच घरखर्चाचा आहे, त्यामुळे जुने प्रश्न परत विचारायची खोड लागली आहे. मावशीला म्हटलं, "मावशी, तेव्हा फी किती होती गं?"

"फी काय, फारशी नव्हती."

"मग सोडवलंस का?"

"अगं, सकाळी तिला पालघरला सोडायचं, संपेपर्यंत थांबायचं, परत यायचं. तोवर बाजाराची वेळ जायची. माझी टोपली कोण विकणार होतं?"

माझ्या बॅगेत त्या वेळी प्रश्नावलीचा पहिला मसुदा होता. त्यातला सातवा प्रश्न असा होता: "मुलाच्या किंवा मुलीच्या खेळावर तुम्ही दरमहा किती खर्च करता?" मावशीनं तो भरला असता तर उत्तर छोटं आलं असतं आणि मी निष्कर्ष काढला असता की खर्च कमी आहे, म्हणजे गळतीचं कारण दुसरंच असणार. मोठी गंमत म्हणजे ते उत्तर खोटंही ठरलं नसतं.

"खेळ महाग होतोय" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. पण संशोधनात ते वापरायचं तर आधी चार प्रश्नांची उत्तरं लागतात: खर्चात काय काय धरायचं? तो कधी येतो? कशाच्या तुलनेत महाग? आणि विचारायचं कोणाला? तुमचा विषय खेळ नसला, शिक्षण असो की आजारपण, तरी हेच चार प्रश्न उपयोगी पडतील.

१. खर्चात काय काय धरायचं?

या विषयावर वाचायला बसलात की आधी हाती लागतं ते अमेरिकेचं साहित्य. तिथल्या ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या २०१९ च्या सर्वेक्षणात सगळ्यात महागडा खेळ निघाला आइस हॉकी: एका मुलामागे वर्षाला सरासरी २,५८३ डॉलर. आपल्याकडची मैदानी हॉकीसुद्धा तिथे २,१२५ डॉलरवर होती. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. सगळ्या खेळांचा मिळून विचार केला तर पालकांचा सगळ्यात मोठा खर्च फी किंवा साहित्यावर नव्हता. तो प्रवासावर होता.

हे वाचताना मला पालघर स्टेशन आठवलं. सातपाटीहून आधी आठ-नऊ किलोमीटर रिक्षा किंवा एसटी. मग पालघरहून केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. तिथून पुढे मुंबई सुरू होते. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर आहे आणि पालघर नव्वदेक. २०१३ च्या एप्रिलपासून डहाणूपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली म्हणून बरं, पण अंतर काही कमी झालं नाही. त्यात एक बारीक मेख आहे. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घराजवळच्या स्टेशनापासून शाळेजवळच्या स्टेशनापर्यंत मिळतो. शाळा पालघरला आणि नेट बोरिवलीला असेल, तर बोरिवलीपर्यंतचा प्रवास रेल्वेच्या दृष्टीनं शिक्षणासाठी नसतोच. तिथे पूर्ण भाडं.

बॅटऐवजी हॉकी स्टिक धरली असती तर? एके काळी हॉकी मातीवर आणि गवतावर चालायची. खडकीचे धनराज पिल्ले मोडक्या स्टिकनं खेळायला शिकले हे प्रसिद्धच आहे. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठ्या स्पर्धा कृत्रिम टर्फवर गेल्या. स्टिक फार तर थोडी महाग झाली असेल, मैदान मात्र लांब गेलं. सातपाटीच्या मुलानं चर्चगेटजवळच्या हॉकी स्टेडियमच्या टर्फवर सराव करायचा म्हटलं तर अख्खी पश्चिम रेल्वे पार करावी लागेल.

पैशांच्या प्रवासखर्चाइतकाच मोठा खर्च वेळेचा. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. एका कामाला वेळ दिला म्हणून जी दुसरी कमाई सुटली, ती त्या कामाची किंमत. मावशीची न विकलेली टोपली म्हणजे हाच संधी-खर्च. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला एकट्याला लोकलमध्ये बसवतात. मुलीबरोबर कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा आईच असते. म्हणजे फी सारखी, बॅट सारखी, भाडं सारखं, तरी त्याच घरात मुलीचा खेळ मुलाच्या खेळापेक्षा महाग पडतो.

एक हिशेब करून बघू. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या सर्व्हेतले नाहीत. समजा महिन्याची फी ७०० रुपये, प्रवास ६००, खाणंपिणं २००, आणि वर्षाला ६,००० चं साहित्य, म्हणजे महिन्याला ५००. झाले २,०००. आता आईच्या महिन्यात सोळा सकाळी गेल्या आणि प्रत्येक सकाळी २०० रुपयांची कमाई बुडाली असं धरा: ३,२००. एकूण ५,२००. यातली फी सातव्या हिश्श्याहूनही कमी. आपण प्रश्न विचारला होता फक्त फीचा.

एक काळजी घ्या. बुडालेली कमाई आणि खिशातून गेलेले पैसे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. दोन्ही खर्चच आहेत, पण एक घरात येऊन गेला आणि दुसरा आलाच नाही. एकत्र केले तर पुढे टक्केवारी काढताना गोंधळ होतो.

२. दुसऱ्यानं उचललेला खर्च

याच प्रश्नाची ही दुसरी बाजू, आणि ती समजायला आपल्या पालघरचंच उदाहरण आहे. शार्दूल ठाकूर पालघरजवळच्या माहीमचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत असताना बोरिवलीच्या प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं आणि आपल्या शाळेत यायला सांगितलं. रोज पालघर ते बोरिवली करून अभ्यास आणि क्रिकेट जमणार कसं, हा घरच्यांचा प्रश्न होता. लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार, मग मुंबईचा संघ, मग भारताचा. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परत आल्यावर तो अंधेरीहून लोकल पकडून पालघरला गेला, हा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याच लाड सरांनी त्याआधी रोहित शर्माला शाळेची फी माफ करून घेतली होती, कारण ती भरणं घरच्यांना शक्य नव्हतं.

या कथा आपण जिद्दीच्या म्हणून सांगतो, आणि त्या आहेतच. पण संशोधकाच्या वहीत त्यांची नोंद वेगळी व्हायला हवी. शार्दूलच्या वडिलांच्या जमाखर्चात बोरिवलीच्या राहण्याचा खर्च दिसला नसता. म्हणून तो खर्च नव्हता असं होत नाही. तो दुसऱ्या घरानं उचलला होता. मामानं दिलेली बॅट, सीनियर खेळाडूनं दिलेले जुने पॅड, सरांच्या घरचं जेवण, या सगळ्याला संशोधनाच्या भाषेत वस्तुरूप मदत म्हणतात. प्रश्नावलीत "हे कोणी दिलं?" असा रकाना नसेल तर ही मदत गायब होते आणि आपण लिहून मोकळे होतो की गरीब घरातली मुलंही कमी खर्चात वर येतात. खरं वाक्य असं आहे: ज्यांचा खर्च कोणीतरी उचलला, ती मुलं वर आली.

३. खर्च कधी येतो?

वर्षाचा एकूण आकडा काढला की महिने पुसले जातात. सातपाटीसारख्या गावात ही मोठी चूक ठरते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला. उलट याच दिवसांत होडीची डागडुजी आणि जाळ्यांचं काम निघतं, म्हणजे कमाई नाही आणि खर्च चालू. नारळी पौर्णिमेनंतर कुठे हात मोकळे व्हायला लागतात. त्यातही सातपाटी ज्या पापलेटसाठी ओळखलं जातं, ते पूर्वीसारखं मिळत नाही, हे कुठल्याही मच्छीमाराला विचारा. २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्य मासा जाहीर केलं ते त्याच्या संवर्धनाची काळजी वाटू लागली म्हणूनच.

आता याच्यावर मुलांचं वर्ष ठेवून बघा. जूनमध्ये शाळा सुरू: फी, वह्या, गणवेश, पास. आणि मुंबईच्या क्रिकेटची गंमत अशी की क्लबांची मानाची कांगा लीग १९४८ पासून भर पावसातच खेळली जाते. मोठ्या क्लबात शिरू बघणाऱ्या पोरानं पाऊस पडत असतानाच मैदानावर दिसलं पाहिजे. म्हणजे घरात पैसे नसण्याचे दिवस आणि खेळात पैसे लागण्याचे दिवस एकच.

पगारदार घराला वर्षाला २४,००० आणि महिन्याला २,००० यांत फारसा फरक वाटत नाही. मच्छीमार घराला जूनमधले ५,००० आणि नोव्हेंबरमधले ५,००० या दोन वेगळ्या रकमा आहेत. पहिल्यासाठी उसने घ्यावे लागतात किंवा दागिना ठेवावा लागतो, आणि व्याज हाही खेळाचाच खर्च. म्हणून "वर्षाला किती?" याच्याबरोबर "कुठल्या महिन्यात आणि कुठून आणले?" हे विचारा.

४. कशाच्या तुलनेत महाग?

"वाढता खर्च" म्हणताना दोन गोष्टी तपासायच्या. पहिली महागाई. ॲस्पेनच्याच आकड्यांनुसार अमेरिकेत मुलाच्या मुख्य खेळावरचा कुटुंबाचा वार्षिक खर्च २०२४ मध्ये १,०१६ डॉलर झाला, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. मथळ्यासाठी झकास आकडा. पण त्या पाच वर्षांत तिथलं सर्वसाधारण जीवनमानच २३ टक्क्यांच्या आसपास महागलं होतं. १.४६ ला १.२३ नं भागा: १.१९. म्हणजे खरी वाढ २० टक्क्यांच्या आसपास. वाढ आहेच, लहानही नाही, पण ४६ नाही. परीक्षकांनी हा प्रश्न विचारायच्या आत आपण स्वतःला विचारलेला बरा.

दुसरी गोष्ट, घराची ऐपत. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आला. चार माणसांचं घर धरलं तर १६,४८८. आपले वरचे कल्पित २,००० म्हणजे त्यातले १२ टक्के, एका मुलाच्या एका खेळावर. हेच २,००० शहरातल्या सुखवस्तू घरात हॉटेलच्या एका बिलात जातात. नुसता रुपयांचा आकडा म्हणूनच अर्धवट असतो. आणि ४,१२२ ही देशाची सरासरी आहे, सातपाटीची नाही, हेही लिहायला विसरू नका.

"तयार सरकारी डेटा नाही का?" असं तुम्ही विचाराल. शिक्षणावरचा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) कोर्सची फी, पुस्तकं-वह्या-गणवेश, प्रवास, खासगी शिकवणी असे रकाने होते. खेळाचा वेगळा रकाना नव्हता. उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणातही प्रवास प्रवासात जातो. तो नेटसाठी होता की बाजारासाठी, हे कळत नाही. त्यामुळे या विषयात काम करायचं तर स्वतःच दारोदार जावं लागतं.

५. विचारायचं कोणाला?

माझ्या पहिल्या आराखड्यात मी लिहिलं होतं: "मैदानावर येणाऱ्या मुलांच्या पालकांच्या मुलाखती." सोपं काम. शनिवार-रविवार गेलं की तीस-चाळीस पालक एका जागी भेटतात. गाईडनं एकच ओळ मार्जिनमध्ये लिहिली: "जे येत नाहीत त्यांचं काय?"

मैदानावर उभे असलेले पालक म्हणजे ज्यांना परवडलं ते. खर्च वाढला की सगळ्यात आधी ज्यांना परवडत नाही ते निघून जातात, आणि उरलेल्यांना विचारलं तर चित्र असं दिसतं की लोक जास्त खर्च करतायत, म्हणजे ऐपत वाढली असावी. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे: मैदानापासून सुरू न करता शाळेच्या हजेरीपटापासून किंवा गावातल्या घरांच्या यादीपासून सुरू करायचं. मग खेळणारे, सोडलेले आणि कधी सुरूच न केलेले, तिघेही यादीत येतात. आणि प्रश्न "किती खर्च करता?" एवढाच ठेवायचा नाही. "कधी सुरू केलं, कधी सोडलं, सोडलं त्या महिन्यात घरात काय चालू होतं?" हेही विचारायचं.

मावशीला माझा जुना सातवा प्रश्न आज दिला तर ती शून्य लिहील. मुलगी आता खेळत नाही, खर्च नाही. माझ्या तक्त्यात ते घर सगळ्यात स्वस्तात सुटलेलं घर म्हणून बसलं असतं.

तो प्रश्न मी खोडला. त्याच्या जागी आता सहा छोटे प्रश्न आहेत आणि प्रश्नावली दीड पान लांबली. निघताना नवा कागद मावशीला वाचून दाखवला. "सोबत कोण जायचं आणि त्याचं कुठलं काम राहायचं?" या प्रश्नाशी तिनं थांबवलं. म्हणाली, "हे तेव्हा कोणी विचारलं असतं, तर तिला सोडायला जायची पाळी आम्ही चार बाया मिळून लावली असती."