फरशा मांडा, आकडे मोजा!

कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावात पाच पदवी महाविद्यालयं अगदी भिंतीला भिंत लावून उभी आहेत. सगळ्यात जुनं पोमोना, १८८७ सालचं. गणिताची संशोधन-व्याख्यानं मात्र सगळ्यांची मिळून होतात, आणि ही कल्पनाच मला फार आवडते.

इथल्या हार्वी मड कॉलेजचे आर्थर बेंजामिन मोजणीतून सिद्धता देण्यासाठी प्रसिद्ध आहेत. उदाहरणार्थ, एका आणि दोन घरांच्या फरशांनी चार घरांची पट्टी किती प्रकारे भरेल? पाच. पाच घरांची? आठ. शेवटची फरशी एका घराची असेल किंवा दोन घरांची; म्हणून आधीच्या दोन उत्तरांची बेरीज करायची. हेच फिबोनाचीचे आकडे!

कवितेतल्या एका मात्रेच्या लघु आणि दोन मात्रांच्या गुरू अक्षरांच्या रचना मोजताना आपल्याकडे जैन विद्वान हेमचंद्रांनी बाराव्या शतकातच हा नियम सांगितला होता.