चिंताशामक गोळी सुरू करण्यापूर्वी

छातीत धडधड, जिवाची घालमेल, रात्ररात्र झोप नाही, अशा तक्रारींवर डॉक्टर कधी डायझेपाम अथवा अल्प्राझोलाम ही गोळी लिहून देतात. गुण लवकर येतो, म्हणूनच शेजाऱ्याकडील उरलेली गोळी मागून घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. मार्च २०१४ पासून ही औषधे 'एच-१' परिशिष्टात असून, विक्रेत्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत व विक्रीची नोंद तीन वर्षे जतन करावी, असा नियम आहे.

डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावयाची बाब म्हणजे मद्यपान. आणि घरची मंडळी समोर असल्याने नेमकी तीच लपविली जाते. मद्य किंवा अफूजन्य वेदनाशामक यांच्या जोडीने ही गोळी श्वसन मंद करते व प्रसंगी प्राणावर बेतते. गर्भारपण, स्तनपान, श्वसनाचा वा यकृताचा विकार हेही सांगावे. वृद्धांना तोल जाऊन पडण्याचे भय असते. गुंगी येत असेल तर मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवू नये.

गोळी किती दिवस घ्यावयाची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय जडू शकते. मग ती एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा धोका असतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करीत न्यावी.