दोरी ओढून हात दुखले, तरी वीडर सुरू होईना? कार्बोरेटर खोलण्याआधी टॅपेट तपासा

पावसाने उघडीप दिली, रानात वापसा आला की लातूर-नांदेडमध्ये सोयाबीनच्या कोळपणीची घाई सुरू होते. हाताशी मोजकेच दिवस असतात. नेमका तेव्हाच शेडमधून काढलेला पॉवर वीडर रुसतो. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, तरी फरक नाही. मग दोष टॅपेटमध्ये असू शकतो. हे टॅपेट प्रकरण नेमकं काय आहे? जाणून घेऊया.

टॅपेटची फट म्हणजे काय?

फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्ट पुश रॉडला ढकलतो, रॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३० वेळा उघडतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. अनेक छोट्या इंजिनांत ती ०.१० ते ०.२० मिमी असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा.

लक्षणं कशी ओळखायची?

फट वाढली तर हेडमधून टकटक आवाज येतो. अनेक इंजिनांत सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून कॉम्प्रेशन कमी करण्याची सोय असते. फट वाढली की ती काम करत नाही आणि दोरी मध्येच झटका देते.

फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, ताकद कमी होते आणि पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

सेटिंग कसं करतात?

१. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगची वायर काढून बाजूला ठेवा.

२. हेडवरचं व्हॉल्व्ह कव्हर उघडा.

३. प्लग काढा, दोरी हळूहळू ओढून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला सर्वांत वर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि दोन्ही रॉकर सैल हवेत. काही इंजिनांत पिस्टन किंचित पुढे न्यावा लागतो.

४. फटीत फिलर गेज घाला. लॉक नट सैल करून फट अशी ठेवा की पट्टी हलकी अडत सरकेल.

५. नट आवळून पुन्हा मोजा. आवळताना फट हमखास बदलते.

तरीही सुरू झालं नाही तर?

पुश रॉड काढून काचेवर लोळवा. डगमगला तर वाकलेला आहे. पण नुसता रॉड बदलून थांबू नका. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकल्यामुळे रॉड वाकतो, ते कारण राहिलं तर नवा रॉडही वाकेल. सेटिंग बरोबर असूनही कॉम्प्रेशन येत नसेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह, सीट आणि गॅस्केट तपासावं लागतं. ते काम मेकॅनिककडेच द्या.

पुढच्या हंगामासाठी

टाकीत महिनोन् महिने राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. त्यामुळे यंत्र ठेवण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. सिलिंडरच्या फिन्समध्ये अडकलेला पाला, माती काढा. हवा अडली की हेड तापतं आणि व्हॉल्व्ह अडकू लागतो.

आणि टॅपेट मृगाच्या पावसाआधी तपासा. वापसा आल्यावर वीडरही रांगेत आणि मेकॅनिकही!