पोलिसांचे दप्तर आणि नागरिकाचा हक्क

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पोलीस ठाण्याबद्दल अशी म्हण करण्याची कुणाला गरजच वाटली नसावी, इतके सामान्य माणसाला ते नकोसे वाटते. परंतु आपण ठाण्याकडे पाठ फिरविली, म्हणून ठाण्याच्या दप्तरातून आपले नाव सुटते असे नाही. घरी चोरी होते, रस्त्यात मोटार धडकते, कारखान्यात माणूस यंत्रात सापडतो, मोर्च्याला मनाई होते. अशा प्रत्येक प्रसंगी कुणीतरी अंमलदार कुठल्यातरी वहीत चार ओळी लिहितो. पुढे विम्याचे पैसे मिळणे, भरपाई मिळणे, कधी कधी निर्दोष सुटणे हे त्या चार ओळींवर अवलंबून राहते. त्या ओळींची प्रत आपल्याला मिळते काय, आणि कोणत्या वाटेने मिळते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही वकील नाही. कामगार संघटनेच्या कामात कायद्याची पुस्तके आम्ही रात्री वाचली, आणि त्यांचा अर्थ दिवसा कचेऱ्यांच्या खिडक्यांपाशी उभे राहून समजून घेतला. त्या अनुभवातून निघालेला नियम आरंभीच सांगून टाकतो: पोलिसांना ‘का’ असे विचारू नये, कागदाचे नाव घेऊन कागद मागावा.

एक उदाहरण घेऊ. वखारीत पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल मरण पावला. मालक म्हणाला, तो माणूस त्या वेळी आमच्या कामावर नव्हताच. हमालाच्या विधवेसाठी नातेवाइकांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला, “मालकावर अद्याप कारवाई का केली नाही?” उत्तर आले, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. हे उत्तर कोरडे होते, पण बेकायदा नव्हते. कायदा देतो ती दप्तरी असलेली माहिती. अधिकाऱ्याच्या मनातले कारण दप्तरात लिहिलेले नसेल, तर ते लिहून द्यायला तो बांधलेला नाही. मग दुसरा अर्ज गेला. त्यात एवढेच होते: “अमुक पोलीस ठाण्याकडील अकस्मात मृत्यू नोंद क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यातील खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि दंडाधिकाऱ्यांकडे पाठविलेला अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.” प्रती मिळाल्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात वखारीची जागा, वेळ आणि पोत्यांची स्थिती लिहिलेली होती. भरपाईच्या दाव्यात त्या बाईंचा खरा साक्षीदार तोच ठरला.

तेव्हा प्रथम दप्तरात काय काय असते ते ओळखून घेतले पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर, म्हणजे आपण ज्याला एफआयआर म्हणतो, ती एक. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे एन.सी., ही दुसरी. ठाण्यात दिवसभर जे घडते त्याची स्टेशन डायरी तिसरी. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची नोंद चौथी. त्यानंतर पंचनामे, जबाब, अटकेचे कागद, आणि तपास संपल्यावर न्यायालयात जाणारे दोषारोपपत्र. यांखेरीज सभा, मिरवणूक व जमावबंदी यांचे हुकूम असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी करावयाची, तर ती लेखी हुकमानेच करावी लागते, आणि शासनाच्या मंजुरीवाचून ती पंधरा दिवसांहून अधिक चालत नाही. “वरून मनाई आहे” असे तोंडी सांगणाऱ्यास, “हुकमाचा क्रमांक व तारीख सांगा, त्याची प्रत द्या” असे नम्रपणे म्हणावे. हुकूम असेल तर तो वाचावयास मिळेल. नसेल तर तेही कळून येईल.

दुसरी गोष्ट, आपण कोण म्हणून मागतो आहोत हे ठरवावे. कारण माणूस बदलला की वाट बदलते. आपण स्वतः फिर्यादी असलो, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्याची गरजच नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे पहिल्या खबरेची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावयाची आहे. ठाणे आपल्या हद्दीचे नाही, ही सबबही आता चालत नाही. खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. नोंद करण्यास नकार मिळाला, तर तीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तरीही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविणे हेही कलम १९३ ने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगितली.

आपण आरोपी असलो, तर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा निर्णय उपयोगी पडतो. त्या निर्णयाप्रमाणे आरोपीने किंवा त्याच्या वतीने कुणी अर्ज केल्यास पहिल्या खबरेची प्रमाणित प्रत चोवीस तासांत द्यावयाची आहे. शिवाय खबरेची नोंद झाल्यावर साधारण चोवीस तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावयाची आहे. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरील अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक प्रकरणांना मात्र त्यातून वगळले आहे. दोषारोपपत्राचे तसे नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अमान्य केली. आरोपीला आणि पीडिताला त्याच्या प्रती न्यायालयामार्फत मिळतात.

आता उरतो तो तिऱ्हाईत नागरिक, किंवा एखादी संघटना चालविणारा कार्यकर्ता. त्याच्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे. हा कायदा वरून दान म्हणून आलेला नाही, हे विसरू नये. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांवरील मजुरांची हजेरीपत्रके लोकांसमोर वाचून दाखवा, अशी मागणी केली, आणि १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले. मजुरी बुडाली की नाही हे ठरविण्यासाठी मजुराला हजेरीचा कागद हवा होता. त्या साध्या गरजेतून ही चळवळ वाढली. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर केंद्राच्या आधी राज्याचा कायदा झाला होता. तो मागे पडून १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा आला.

अर्जाची रीत सोपी आहे. महाराष्ट्राच्या नियमांत ‘जोडपत्र अ’ हा नमुना दिला आहे. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडल्यास फी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते. पण नाव घेऊन कागद मागणाऱ्यास दीडशे शब्द पुरून उरतात. कारण सांगण्याची सक्ती नाही, तसे कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हेही त्याच कलमात आहे. माहिती अधिकारी कोण, हे कचेरीतील फलकावर पाहावे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठविण्याची जबाबदारी त्या कचेरीची आहे. अर्ज हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्यावाचून खिडकी सोडू नये, कारण पुढची सर्व मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर अठ्ठेचाळीस तासांची. प्रतीस पानामागे दोन रुपये पडतात. मुदत उलटून गेल्यावर दिल्यास त्या फुकट द्याव्या लागतात. कोणता कागद हवा हेच ठाऊक नसेल, तर आधी दप्तर पाहण्याची मागणी करावी, वाचून क्रमांक टिपावेत, आणि मग प्रती मागाव्यात. ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण हवे असेल, तर विलंब करू नये. ते अठरा महिने, आणि ते अशक्यच असेल तेथे निदान एक वर्ष, जपून ठेवावे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. त्यानंतर ते पुसले गेले असे उत्तर आले, तर बोलायला जागा राहत नाही.

नकार कशाकशाला मिळू शकतो, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खबर देणाऱ्या गुप्त माणसाचे नाव, ज्याने कुणाच्या जिवाला धोका पोहोचेल असा जबाब, अत्याचारित स्त्रीची ओळख, या गोष्टी मिळत नाहीत, आणि मिळू नयेत. उद्या आपल्याच घरातील कुणी साक्षीदार झाले, तर ही झाकण आपल्यालाही हवीशी वाटेल. तपासाची केस डायरीही मागून मिळत नाही. खासगी माहितीचे कलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अधिक कडक झाले असून तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तरीही गुप्ततेपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तेथे माहिती देता येते, हे कलम ८ चे दुसरे पोटकलम कायम आहे. नाजूक भाग झाकून उरलेला कागद देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. ती अर्जातच मागून ठेवावी.

सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे, “तपास चालू आहे.” ते पुरेसे नाही. कायद्याचे शब्द असे आहेत की, माहिती दिल्याने तपासात अडथळा आला पाहिजे. नुसता तपास चालू असणे पुरत नाही, अडथळा कसा येईल हे दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा बोजा कलम १९ प्रमाणे अधिकाऱ्यावर असतो, आपल्यावर नव्हे.

नकार आला किंवा तीस दिवस शांततेत गेले, तर तीस दिवसांत वरिष्ठाकडे पहिले अपील करावे. त्यास वीस रुपयांचे तिकीट लागते, आणि निकालाची मुदत तीस, फार तर पंचेचाळीस दिवस आहे. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. दोषी अधिकाऱ्यास आयोग दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो. आयोगापुढे वाट पाहावी लागते, हे खरे. परंतु पुष्कळदा पहिल्या अपिलाच्या तारखेआधीच कागद हाती पडतो, असा आमचा अनुभव आहे.

हे सारे एकट्या माणसाने करावे, अशी अपेक्षा ठेवणे मात्र बरोबर नाही. दुःखात असलेल्या घराला कलमे सुचत नाहीत. गिरणीची संघटना असो, पेठेतील वाचनालय असो की सोसायटीचे मंडळ असो, प्रत्येक ठिकाणी दोन माणसांनी जोडपत्राचे कोरे नमुने आणि कोर्ट फीची तिकिटे जवळ ठेवावीत, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्यांचे अर्ज लिहून देण्यासाठी राखावी. ठाण्यातही आपल्यासारखीच कामाने वाकलेली माणसे बसलेली असतात. त्यांच्याशी भांडण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे कागदाचे नाव, क्रमांक आणि तारीख ठेवावी, पोच घ्यावी, आणि तीस दिवस मोजावेत.