तांबे आणि अल्झायमर रोग

तांबे आणि अल्झायमर रोग : तांबे हे शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले मूलद्रव्य असून त्याच्या चयापचयातील बिघाडाचा अल्झायमर या मुख्यत्वे वार्धक्यात होणाऱ्या बुद्धिभ्रंशाच्या रोगाशी संबंध असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. हा संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. महाराष्ट्रात तांब्या-पितळेची भांडी परंपरेने वापरात असल्यामुळे या प्रश्नास व्यावहारिक महत्त्वही आहे.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सु. १०० मिग्रॅ. तांबे असते. कोशिकांतील (पेशींतील) श्वसन व तंत्रिका तंत्रातील (मज्जासंस्थेतील) संदेशवाहक द्रव्यांची निर्मिती यांस आवश्यक असलेल्या काही एंझाइमांचा ते घटक असते. रक्तद्रवातील बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाशी बद्ध असते व जादा तांबे यकृताकडून पित्तावाटे उत्सर्जित होते. ही उत्सर्जन-व्यवस्था आनुवंशिक दोषामुळे बिघडल्यास विल्सन रोग होतो. त्यात तांबे यकृतात व मेंदूत साठून कंप, वाचादोष इ. लक्षणे उद्‌भवतात. मुंबईतील डी. के. दस्तूर, एन. एच. वाडिया व त्यांचे सहकारी यांनी १६ कुटुंबांतील या रोगाचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. तांब्याचा अतिरेक मेंदूस अपायकारक ठरू शकतो, हे विल्सन रोगावरून स्पष्ट होते. मात्र हा रोग व अल्झायमर रोग भिन्न आहेत.

अल्झायमर रोगाचे पहिले वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ मध्ये केले. रुग्णाच्या मेंदूत कोशिकांबाहेर बीटा-अमिलॉइड प्रथिनाचे साठे व कोशिकांत टाऊ प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ आढळते. मुंबईत चाळीस व त्यांहून अधिक वयाच्या २४,४८८ व्यक्तींची पाहणी करण्यात आली (प्रसिद्धी २००१). तीत ६५ व त्यांवरील वयोगटात बुद्धिभ्रंशाचे प्रमाण २·४४ टक्के व अल्झायमर रोगाचे १·५ टक्के आढळले.

तांब्याविषयीच्या संशयास पुढील कारणे आहेत. बीटा-अमिलॉइड तांब्याशी बद्ध होते व त्या संयोगातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होऊन कोशिकांना इजा पोहोचू शकते. अमिलॉइडाच्या साठ्यांत तांबे, जस्त व लोह अधिक प्रमाणात असल्याचे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. कोलेस्टेरॉलयुक्त आहारावरील सशांना प्रतिलिटर ०·१२ मिग्रॅ. तांबे असलेले पाणी दिल्यावर त्यांच्या मेंदूत अमिलॉइड अधिक साठले (२००३). उलटपक्षी, रुग्णांच्या मेंदूच्या ऊतकातील एकूण तांबे वाढलेले नसून बहुधा घटलेले आढळते. त्यामुळे हा प्रश्न तांब्याच्या अतिरेकाचा नसून ते चुकीच्या जागी साचण्याचा असावा, असेही मानले जाते. जर्मनीत रुग्णांना वर्षभर रोज ८ मिग्रॅ. तांबे देऊन केलेल्या चाचणीत (२००८) त्यांच्या बौद्धिक क्षमतेत सुधारणा झाली नाही व विशेष अपायही दिसला नाही. तांबे व जस्त यांच्याशी बद्ध होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांतूनही मान्यताप्राप्त उपचार हाती आलेला नाही.

एखादे द्रव्य रोगास कारण आहे असे म्हणण्यास कोणता पुरावा लागतो, हे पुण्यातील एका संशोधनावरून समजते. भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना एक प्राणघातक यकृत-काठिण्य रोग होत असे. या बालकांच्या यकृतात तांबे अतिशय वाढलेले असते, असे १९७९ मध्ये दाखविण्यात आले. एम. एस. टॅनर, शीला भावे, आनंद पंडित इत्यादींनी पुणे येथे रुग्ण व निरोगी बालकांच्या आहाराची तुलना केली. पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले गाई-म्हशींचे दूध रुग्णांना लहान वयापासून दिले गेले होते, असे तीत आढळले. भांड्यातील तांबे दुधात उतरते व दुधातील केसीन प्रथिनास चिकटते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. शरीरातील तांबे काढून टाकणाऱ्या पेनिसिलामीन या औषधाने, ते वेळीच दिल्यास, काही बालके वाचली. अशा भांड्यांचा वापर मागे पडल्यावर रोगही जवळजवळ नाहीसा झाला. काही बालकांत आनुवंशिक प्रवणता असावी, हा मुद्दा मात्र उरतो. अल्झायमर रोगाच्या बाबतीत पुराव्याची अशी साखळी पूर्ण झालेली नाही. विशेषतः तांब्याचे सेवन कमी केल्याने रोग टळतो, असे कोठेही दिसून आलेले नाही.

पिण्याच्या पाण्यात तांबे प्रतिलिटर २ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतीय मानकानुसार ते ०·०५ मिग्रॅ.पर्यंत असावे, पर्यायी स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ.पर्यंत चालते. तांब्याच्या भांड्यातील पाण्यात किती तांबे उतरते, हे पाण्याच्या आम्लतेवर व साठवणीच्या काळावर अवलंबून असते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंचेचे सार यांसारखे आंबट पदार्थ कळकतात. ते अशा भांड्यात ठेवू नयेत. तान्ह्या मुलाचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू वा साठवू नये. तथापि केवळ भांडी बदलून विस्मृतीस आळा बसेल असे मानण्यास आधार नाही. तसेच तांबे वाढविणारी वा घटविणारी औषधे स्वतःच्या विचाराने घेणे धोक्याचे आहे. वाढती विस्मृती हे निव्वळ म्हातारपणाचे लक्षण समजून दुर्लक्ष केल्यास अवटू ग्रंथीचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता यांसारखी उपचारसाध्य कारणेही निदानावाचून राहतात. म्हणून वेळीच वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.