न्हाणीघराची फरशी आणि पलीकडची ओल

पूर्वी आपल्याकडे न्हाणी परसात असे. चार शहाबादी फरश्या, आडोशाला कुडाचा ताटवा, आणि सांडपाणी जाई केळीच्या नाहीतर अळूच्या बुंध्याशी. ती गळते की काय हा प्रश्नच नव्हता. आता न्हाणी घरात आली, संडासही तिच्याच शेजारी आला, भिंतींना टाइल्स लागल्या. आणि त्यांच्यामागून पलीकडच्या खोलीत ओलही आली.

गेल्या उन्हाळ्यात इंदूरला सुदामा नगरात धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहणे झाले. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत तिची गव्हाची कोठी असते आणि तिथेच तिच्या सासूबाईंची खाट. भिंत कमरेपर्यंत ओली, चुना सुटलेला, कोपऱ्यात काळी बुरशी. तळचा गहू कुबट झाला होता, आणि म्हातारीला दम्याचा त्रास. रात्ररात्र बसून काढायची. बहीण म्हणाली, "दादा, दोन वर्षांपूर्वीच नव्या टाइल्स बसवल्या. तरी हे असं!"

इथेच आपणा सर्वांची गफलत होते. टाइलमधून पाणी फारसे जात नाही, पण दोन टाइलांच्या सांध्यातून जाते. सांध्यात भरलेले साधे सिमेंट पाणी पिते आणि बारीक तडकतेही. पाणी अडवायचे ते टाइलखालच्या थराने. बहिणीकडे जुन्या टाइलवरच नव्या चिकटवल्या होत्या; खालचा थर मुळात नव्हताच.

फरशी उखडली तेव्हा दुसरे कारण सापडले. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, आणि तिथली जमीन काळी, कापसाची. अशी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जोत्याच्या भरावात तीच माती टाकलेली होती. पाणी मुरत गेले, माती खचली, वरचा कोबा भिंतीच्या कडेने फाटला. तेव्हा नवे घर बांधताना भराव मुरमाचाच घालावा, अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावेत. आम्हीही माती काढून तसेच केले.

मग नळ नीट बसवून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला. त्याला ढाळ जाळीकडे हवा, 5 फुटांना 1 इंच. शेतात दांड काढताना आपण पाणी कुठे तुंबेल ते आधी पाहतो, तसेच इथे. ढाळ कोब्यातच द्यावा, टाइल लावताना देऊ म्हणून चालत नाही. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोनात सिमेंटची गोलाई करावी. काटकोनातच चीर पडते. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये 2 इंच पाणी उभे राहिले पाहिजे, म्हणजे दुर्गंधी आणि झुरळे वर येत नाहीत. कोब्यावर आठवडाभर पाणी मारावे.

त्यानंतर पाणीरोधक लेप. बाजारात भुकटी आणि दुधासारखा द्रव असा जोड मिळतो, पॉलिमरचा. जमीन झाडून, किंचित ओलसर करून ब्रशाने दोन हात द्यावेत. पहिला उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. कोपऱ्यांत आणि नळाभोवती लेपात काचधाग्याची जाळी दाबावी. लेप भिंतीवर फूटभर चढवावा, आणि जिथे अंगावर पाणी घेतो तिथे 6 फूट.

लेप पुरता वाळल्यावर तोटीचे तोंड बंद करून 2 इंच पाणी भरावे आणि 48 तास ठेवावे. मिस्त्री कुरकुरला, "भैया, दो दिन का काम रुक जाएगा." रुकू दे म्हटले! खाली मजला असता तर छत पाहून गळती कळली असती. तळमजल्यावर ती सोय नाही. म्हणून भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारली, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यातही रेघ मारली. उन्हाने आटते ते दोन्हीकडे सारखेच आटणार. दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी जेमतेम हलले होते, जमिनीवरचे अर्धे बोट उतरले होते. चीर ट्रॅपच्या गळ्याशी निघाली. तिथे पुन्हा जाळी, पुन्हा लेप, पुन्हा पाणी. या खेपेस दोन्ही रेघा बरोबर राहिल्या. टाइल्स आधीच लावल्या असत्या तर सगळे पैसे पुन्हा पाण्यात.

टाइल्सचे काम त्यामानाने सोपे. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून ती साध्या सिमेंटला नीट धरत नाही. तिला टाइलचा खास मसाला घ्यावा. जमिनीला गुळगुळीत टाइल कधीही घेऊ नये, म्हातारी माणसे तिथेच घसरतात. सांधे 2 ते 3 मिलिमीटर ठेवून एपॉक्सीने भरावेत. बसलेल्या टाइलवर नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ वाजली तर तेव्हाच काढायला लावावी. गीझरचे बटण बाहेर असावे.

सांडपाण्याचा नळ पिण्याच्या नळाच्या खालून आणि दूरून न्यावा. डिसेंबर 2025 मध्ये इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण मिसळून माणसे दगावली. ज्या शहराने 1978 मध्ये नर्मदा घाट चढवून आणली, त्या शहरात हे घडले. आपल्याकडे विहिरी आहेत. शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट दूर हवा.

सासूबाईंची खाट आता ओसरीकडच्या खोलीत आहे आणि गव्हाची कोठीही. ओली भिंत सुकायला महिने लागतात. घाईने तेलरंग लावला तर ओल आतच कोंडते. खिडकी उघडी ठेवा आणि रंगाचे दिवाळीनंतर बघा, असे सांगून मी निघालो.