सिंगापूरहून अमेरिकेला : अर्जातला पैशाचा रकाना

सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय शाळांमधल्या मराठी मुलांना अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांचे अर्ज भरायला मी गेली वीसेक वर्षं मदत करते आहे. घराघरांत काळजी असायची ती सॅट या प्रवेशपरीक्षेची आणि निबंधांची. माझं मत मात्र वर्षागणिक पक्कं होत गेलं : या मुलांची वाट सगळ्यात जास्त अडवली ती पैशाच्या एका प्रश्नाने.

परीक्षेचं म्हणाल, तर ती सतत बदलत राहिली. २००५ मध्ये सॅटला लेखनाचा भाग जोडला आणि एकूण गुण १६०० चे २४०० झाले. २०१६ मध्ये पुन्हा १६००. मे २०१३ मध्ये पेपरफुटीमुळे दक्षिण कोरियातली परीक्षाच रद्द झाली. कोविडमध्ये बहुतेक विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत आणली. डार्टमथ, येल, ब्राऊन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा बंधनकारक केल्याचं जाहीर केलं. आमच्या मुलांनी हे सगळं निभावून नेलं. आयबी अभ्यासक्रमाच्या परीक्षेत ४५ पैकी ४२ गुण मिळतील असा शिक्षकांचा अंदाज असलेली मुलगी सॅटला घाबरत नाही.

घाबरतात ते आईवडील, आणि तेही ऑक्टोबरमध्ये. लवकरच्या फेरीची एक नोव्हेंबरची मुदत तोंडावर आलेली असते, अनेक विद्यापीठांना एकत्र चालणारा कॉमन ॲपचा अर्ज जवळपास भरून झालेला असतो आणि पडद्यावर प्रश्न येतो : गरजेनुसार अर्थसाहाय्य मागणार का? हो की नाही? एका वडिलांनी खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं होतं, "मॅडम, 'नाही' लिहिलं तर चान्स वाढतो ना?" वाढतो. बहुतेक महाविद्यालयं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला पैसे लागणार का, हे बघतात. शिवाय प्रवेशाच्या वेळी 'नाही' लिहिलं, तर पुढची चारही वर्षं मदत मागता येत नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. त्याच वर्गातल्या, तेवढेच गुण मिळवणाऱ्या अमेरिकन पासपोर्टच्या मुलाला हा पेच नसतो. तो आयुष्यभर सिंगापुरात वाढलेला असला, तरी मदतीच्या हिशेबात तो त्यांच्या घरचाच.

२००५ च्या सुमारास परदेशी मुलांची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि लागेल तेवढी मदतही करणारी विद्यापीठं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे ॲमहर्स्ट आलं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन, मग ब्राऊन. हे दार उघडत गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण नेमक्या या ठिकाणी गर्दीही सर्वांत जास्त. २०२१ मध्ये हार्वर्डने ५७ हजारांहून अधिक अर्जांमधून जेमतेम साडेतीन टक्के मुलं घेतली.

दरम्यान खर्च दुप्पट झाला. हार्वर्डची फी, राहणं आणि जेवण मिळून २००५ ला वर्षाकाठी सुमारे ४२ हजार डॉलर लागत, २०२४ ला ८३ हजार. इकडे पालकांसाठी शाळेची फी भरणाऱ्या त्यांच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. पगाराचा आकडा कागदावर भरघोस दिसतो. त्यातून घरभाडं, धाकट्याची फी आणि चिंचवडला आजीआजोबांचं औषधपाणी भागवायचं असतं, हे मदतीच्या फॉर्ममध्ये मावत नाही. सिंगापूरचे कायम रहिवासी (पीआर) असलेल्या कुटुंबातल्या मुलग्यांना तर आधी दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची राष्ट्रीय सेवा. विद्यापीठं जागा राखून ठेवतात, पण फी तोवर वाढलेली असते.

नियमित फेरीचे निकाल मार्चअखेर लागतात. बोस्टनला संध्याकाळचे सात, तेव्हा इथे सकाळचे सात. मुलं शाळेच्या बसमध्येच फोन उघडतात.

मे २०२५ ने आणखी एक भीती घातली. हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना अमेरिकी सरकारने काढून घेतला. न्यायालयाने त्याला लगेच स्थगिती दिली, तरी पाठोपाठ विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. प्रवेश हातात असलेल्या मुलांनी तो काळ कसा काढला, ते मी जवळून पाहिलं. तेव्हापासून हाँगकाँग, नेदरलँड्स आणि इथल्याच एनयूएस विद्यापीठाची चौकशी वाढली आहे.

शाळांनी पालकांशी पैशाचं बोलणं नववी-दहावीतच करावं, असा माझा आग्रह आहे. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये त्या रकान्यासमोर बसलेल्या घराला विचार करायला फार तर आठवडा मिळतो, आणि सोळा-सतरा वर्षांचं मूल शेजारी बसून आपण घराला किती महाग पडतो, हे ऐकत असतं.